सरकारी दवाखाना कुणाचा?

जुलैचा महिना. पवनानगरला आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. तुंग, तिकोना आणि लोहगड ढगात दडी मारून बसलेले असतात. पवना धरणाचं पाणी रोज थोडं थोडं वर चढत असतं आणि काठाकाठाच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची लावणी चाललेली असते.

समजा, अशाच एका खाचरात तुमची आजी आहे. दुपारचे चार वाजले आहेत. रोपांची जुडी उचलायला ती बांधाकडे वळते आणि एकदम ओरडते, "आगं बया, पायाला काय तरी चावलं!" गवतातून एक जाडजूड, पाठीवर साखळीसारखे ठिपके असलेला साप सळसळत निघून जातो. घोणस!

आता पळापळ सुरू होते. कुणी म्हणतं, पाय दोरीनं करकचून बांधा. कुणी म्हणतं, देवळात न्या. कुणी म्हणतं, आधी साप मारा. आणि तुमच्या मनात मात्र भराभर प्रश्न उठतात. दवाखाना उघडा असेल ना? डॉक्टर असतील ना? सापाच्या विषावरची लस असेल ना? पैसे किती लागतील?

मित्रांनो, या प्रश्नांची उत्तरं दोन तऱ्हांनी देता येतात. एक म्हणजे, "असेल तर आपलं नशीब!" आणि दुसरी म्हणजे, "असायलाच हवं, कारण ते सरकारचं काम आहे आणि आपला हक्क आहे." या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे यायला आपल्या देशाला शंभर वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

आधी आजीचं बघू

गोष्ट पुढं नेण्याआधी आजीला दवाखान्यात न्यायला हवं, नाही का? हे नीट लक्षात ठेवा. चावलेल्या जागी ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं विष ओढायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. आजीला चालवायचं नाही. पाय हलणार नाही असा फळीचा किंवा काठीचा आधार द्यायचा, तिला धीर द्यायचा आणि गाडी बोलवायची. १०८ हा नंबर फिरवला की महाराष्ट्रात कुठंही रुग्णवाहिका बोलावता येते. ही सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिला पैसे पडत नाहीत.

साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांवर एकच लस चालते. घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचतात, त्यांच्या रक्तात विषाशी लढणारी द्रव्यं तयार होतात आणि त्यापासून ही लस बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथं ही लस बनवण्याचं काम कित्येक वर्षं झालं आहे.

आरोग्य केंद्रात गेल्यावर डॉक्टर एक साधी तपासणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करून बघतात. रक्त गोठलं नसेल तर घोणशीचं विष अंगात भिनलं आहे असं समजायचं आणि लगेच लस सुरू करायची. या तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. लागते ती काचेची नळी, घड्याळ, लस आणि जागेवर असलेले डॉक्टर.

यातली एक जरी गोष्ट नसली तर? इथूनच आपला खरा विषय सुरू होतो.

दवाखान्यांची शिडी

सरकारी दवाखाने एखाद्या शिडीसारखे रचलेले आहेत. सगळ्यात खालची पायरी म्हणजे उपकेंद्र. तिथं आरोग्यसेविका असतात. आपण त्यांना नर्सबाई म्हणतो. बाळांना डोस देणं, गरोदर बायकांची तपासणी, तापावरच्या गोळ्या ही कामं तिथं होतात. साधारण पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र असावं असा नियम आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात मात्र तीन हजार लोकांमागं एक. का बरं? कारण डोंगरात माणसं विखुरलेली असतात आणि वाट अवघड असते. पावसाळ्यात तुंगच्या पायथ्यापासून चालून बघा म्हणजे पटेल!

दुसरी पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागं एक. इथं डॉक्टर असतात, औषधं देणारे असतात, रक्त-लघवी तपासणारे असतात आणि थोड्या खाटाही असतात. ही दोन्ही केंद्रं ग्रामीण भागात जिल्हा परिषद चालवते. म्हणजे तुमच्या आई-बाबांनी मत देऊन ज्यांना निवडलं, त्यांच्याकडं या केंद्राचा कारभार असतो, हे विसरू नका.

तिसरी पायरी म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. पवनानगरहून कामशेतला उतरलं की पुढं कान्ह्याला असं सरकारी रुग्णालय आहे. त्याच्या वर पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय. ही रुग्णालयं राज्य सरकारचा सार्वजनिक आरोग्य विभाग चालवतो. आणि शिडीच्या टोकाला ससून रुग्णालय. ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि त्याचं खातं वेगळं.

आता गंमत बघा. पेशंट एकच, आपली आजी. पण तिला सांभाळणारी खाती तीन! म्हणून कधी कधी "हे आमच्याकडं नाही, तिकडं जा" असं ऐकू येतं. पण संविधानाला विचारलं तर उत्तर स्पष्ट आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत आहे. तेव्हा कुठल्या खिडकीवर कोण बसलंय हे ठरवणं सरकारचं काम. आजीनं फक्त आजारी पडायचं!

प्लेगच्या पुण्यात

फार पूर्वी असं नव्हतं. १८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या कायद्यानं सरकारच्या हातात भरपूर अधिकार दिले. रॅंड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. स्वयंपाकघर बघत नाहीत, देवघर बघत नाहीत, कुणाला ताप आहे का हे तपासून माणसांना उचलून छावणीत नेऊ लागले. लोक इतके संतापले की २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रॅंडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास तुम्ही शाळेत शिकलाच आहात.

पण थोडा निराळा विचार करा. साथ थांबवणं हे सरकारचं कामच होतं. मग बिनसलं कुठं? त्या कायद्यात अधिकार सगळे सरकारचे होते, आजारी माणसाला मात्र एकही हक्क नव्हता. माझ्या आईला कुठं नेताय, तिच्यावर काय उपचार करताय, असं विचारायची सोय नव्हती.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ दुसरंही एक चित्र दिसत होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः आजाऱ्यांना घेऊन येत. अशाच एका आजारी मुलाला आणताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्यांचा अंत झाला. रोग तोच, शहर तेच. एका बाजूला हुकूम होता आणि दुसऱ्या बाजूला माया होती.

पण मुलांनो, सगळ्या गावांना सावित्रीबाई मिळत नाहीत. म्हणून चांगल्या माणसांच्या मायेवर सगळं सोडून चालत नाही. व्यवस्था लागते, आणि त्या व्यवस्थेला प्रश्न विचारायचा हक्कही लागतो.

१९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं १९४६ साली अहवाल दिला. त्याचं सार असं, की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या अहवालातूनच आली. पुढं १९५० साली संविधान लागू झालं. त्याच्या सत्तेचाळिसाव्या कलमात लिहिलं आहे, की लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. १९५२ पासून देशात आरोग्य केंद्रं उभी राहू लागली.

पण कर्तव्य कागदावर असणं वेगळं आणि ते न पाळणाऱ्याला जाब विचारता येणं वेगळं. ते कसं घडलं?

एक रात्र आणि एक निकाल

८ जुलै १९९२. पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनात संध्याकाळच्या वेळी एक शेतमजूर आगगाडीतून खाली पडला. डोक्याला जबर मार. त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं सोय नव्हती. मग कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथं खाट नव्हती. तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे... रात्रभर ही वणवण चालली. कुठं खाट नाही, कुठं यंत्र नाही. शेवटी एका खासगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. तो वाचला, पण सुमारे सतरा हजार रुपये खर्च आला. १९९२ सालच्या शेतमजुराला सतरा हजार म्हणजे केवढा डोंगर!

तो ज्या संघटनेत होता, त्या पश्चिम बंग खेतमजूर समितीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरकारनं काय करायला हवं होतं, ते तुम्हीच न्यायाधीश म्हणून सांगा, असा त्यांचा प्रश्न होता.

निकाल लागला ६ मे १९९६ला. न्यायालय म्हणालं, संविधानाच्या एकविसाव्या कलमानं प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. जीव वाचवायला वेळेवर उपचार लागतात. सरकारी रुग्णालयानं ते दिले नाहीत तर या हक्काचाच भंग होतो. सरकारकडे पैसे नाहीत, ही सबब इथं चालायची नाही. त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला न्यायालयानं सांगितलं. शिवाय आरोग्य केंद्रात तातडीच्या उपचारांची सोय हवी, कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळायची व्यवस्था हवी, रुग्णवाहिका हव्यात, असंही बजावलं.

त्याच्या आधी १९८९ साली आणखी एक निकाल झाला होता. एका अपघातातल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयानं घेतलं नाही. पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असं सांगितलं. वाटेतच तो गेला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं मागून.

म्हणजे बघा, पवनानगरच्या खाचरात आजीला साप चावतो, तेव्हा तिच्यामागं दिल्लीच्या न्यायालयाचे हे दोन निकाल उभे असतात. फक्त तिला ते ठाऊक नसतं. तुम्ही सांगायचं!

फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं?

पुष्कळ मोठी माणसं म्हणतात, "सरकारी दवाखाना काय, फुकटचा!" तुम्हीही हे ऐकलं असेल. पण जरा हिशेब करू या. तुम्ही बिस्किटांचा पुडा घेता, आई साबण घेते, बाबा गाडीत पेट्रोल भरतात. या सगळ्या किमतीत कर असतो. शेतात राबणारी आजीसुद्धा चपला घेताना कर भरते. या पैशांतून डॉक्टरांचे पगार होतात आणि लस विकत घेतली जाते. तेव्हा आजीनं आधीच पैसे भरलेले आहेत. दवाखान्यात ती भीक मागायला जात नाही.

जगात इतरत्रही असाच विचार झाला. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजारी पडल्यावर दारात पैसे मागायचे नाहीत, करातून खर्च करायचा, असं तिथं ठरलं. थायलंड हा काही श्रीमंत देश नव्हता. पण तिथं २००२ साली फक्त तीस बाथ देऊन उपचार मिळण्याची योजना देशभर लागू झाली.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत करण्यात आले. केसपेपरलाही पैसे नाहीत. आई-बाळासाठीची सोय तर २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधं, जेवण आणि घरापासून रुग्णालयापर्यंतची गाडी हे सगळं मोफत.

तरीही भारतात लोकांना आजारपणासाठी खिशातून बराच पैसा घालावा लागतो. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०१३-१४ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चातल्या दर शंभर रुपयांतले चौसष्ट रुपये लोक थेट स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ साली हा आकडा एकोणचाळीसवर आला. उतरला हे खरं, पण अजूनही तो लहान नाही. एका मोठ्या आजारात म्हैस विकली जाते, शेताचा तुकडा गहाण पडतो, हे खेड्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

बिरवाडीचे डॉक्टर

"पण सरकारी दवाखान्यात काही चांगलं होतच नाही," असं कुणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा.

महाडजवळ बिरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात तांबड्या विंचवाचा त्रास भारी. विंचू चावलेल्या रुग्णांपैकी, विशेषतः मुलांपैकी, पुष्कळ जण दगावत. त्यावर नेमका उपाय पुस्तकात नव्हता.

बावस्करांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, जे दिसेल ते लिहून काढू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साठतं. त्यांची ही निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढं त्यांनी प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी गोळी वापरून बघितली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसपर्यंत मृत्यू होत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खेड्यातल्या दवाखान्यातला एक डॉक्टर, एक वही आणि एक स्वस्त गोळी. जगातली मुलं वाचली! असं काम व्हायचं असेल तर डॉक्टर जागेवर हवा, राहायला घर हवं, औषधाचं कपाट भरलेलं हवं. ते पुरवणं कुणाचं काम? बरोबर ओळखलंत.

आजारी माणसाचे हक्क

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची एक सनद तयार केली. तिच्यात सतरा हक्क आहेत. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद त्यांच्या भिंतीवर लावणं बंधनकारक झालं. त्यातले हे काही हक्क वहीत उतरवून घ्या.

१. तातडीच्या वेळी पैशांसाठी न अडवता जीव वाचवणारे उपचार मिळणं.

२. आजार काय आहे, उपचार कोणते, धोका काय आणि खर्च किती, हे आपल्याला समजेल अशा भाषेत कळणं.

३. शस्त्रक्रियेआधी नीट समजावून मगच सही घेतली जाणं.

४. आपले कागद, रिपोर्ट मिळणं आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेता येणं.

५. आजार गुप्त राखला जाणं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर स्त्री-रुग्णाजवळ दुसरी स्त्री असणं.

६. जात, धर्म, गरिबी किंवा आजार यांवरून भेदभाव न होणं.

७. बिल राहिलं म्हणून माणसाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवलं जाणं.

८. तक्रार करता येणं आणि तिचं उत्तर मिळणं.

आणि तुमच्यासाठी खास एक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं. डोळे, दात, हृदय, कान, वाढ सगळं बघतं. काही दोष आढळला तर पुढचे उपचार मोफत. अठरा वर्षांपर्यंत हा तुमचा हक्क आहे. तपासणीच्या दिवशी बाकाखाली लपून बसू नका!

आणि लस नसली तर?

आता परत आपल्या आजीकडं येऊ. समजा, आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथं लस संपली होती. काय करायचं?

आधी भांडण नाही, आधी आजी. जे उपचार तिथं होतील ते करून घ्यायचे आणि केंद्रातल्या माणसांनाच रुग्णवाहिकेची सोय करायला, पुढच्या रुग्णालयात फोन करून लस आहे का ते विचारायला सांगायचं. आजीला मोकळ्या हातानं वाटेला लावायचं नाही, चिठ्ठीवर वेळ आणि दिलेलं औषध लिहून घ्यायचं. पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

आजी बरी झाली, की मग प्रश्न विचारायचे. लस का संपली? मागणी केव्हा पाठवली होती? ती कुठं अडकली? हे आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारता येतं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो. आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत मांडता येतो.

आपल्या पुणे जिल्ह्यात तर आणखी एक प्रयोग झाला. २००७ साली महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. गावातली माणसंच दवाखान्याला भेट देऊन औषधं आहेत का, नर्सबाई येतात का, कुणी पैसे मागतं का, याची नोंद करत. चांगल्या गावाला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. अगदी तुमच्या प्रगतिपुस्तकासारखं! मग जनसुनवाई भरे. समोर अधिकारी, आणि माईक हातात घेऊन बोलणारी गावातली आई-आजी.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हक्क मागायचा म्हणजे डॉक्टरांवर हात टाकायचा नाही. कपाटात लस नाही, यात रात्रपाळीच्या नर्सबाईंचा दोष बहुतेक वेळा नसतो. डॉक्टर-नर्सवर हल्ला करणं आणि दवाखान्याची मोडतोड करणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं गुन्हा आहे. मोडलेली काच आपल्याच पैशांनी भरून काढावी लागते. प्रश्न विचारायचा तो ज्याच्या सहीनं लस येते त्याला.

या आठवड्यात करून बघा

शाळेतल्या चार-पाच मित्रमैत्रिणी आणि एखादे सर किंवा बाई यांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. आत जाताना "नमस्कार, आम्ही शाळेतून आलोय, थोडी माहिती हवी होती" असं नीट बोला. दुपारनंतर गेलात तर गर्दी कमी असते. भिंतीवरचे फलक वाचा. मग हे पाच प्रश्न विचारा.

रात्री डॉक्टर असतात का? सापाच्या विषावरची लस किती आहे? कुत्रं चावल्यावरची लस आहे का? तक्रारपेटी कुठं आहे? आणि शेवटचा प्रश्न, तुम्हाला काम करताना काय कमी पडतं?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. तो कुणी विचारत नाही, म्हणून नर्सबाईंचा चेहरा बघा कसा खुलतो. कदाचित त्या सांगतील, फ्रिज चालत नाही, वीज गेली की पंचाईत होते, राहायची खोली गळते. ते सगळं वहीत लिहा आणि सरपंचांना एक पत्र लिहा. पत्राखाली सगळ्यांनी सह्या करा. अठराच्या आत मत देता येत नाही, पण पत्र लिहायला वयाची अट नाही.

लावणी संपेल, श्रावण येईल, तुंगावर ऊन-पावसाचा खेळ सुरू होईल. आजी पुन्हा बांधावर जाईल, ती काही घरी बसणारी नव्हे. साप तर खाचरात राहणारच, तेही त्यांचं घर आहे. पण आरोग्य केंद्राच्या कपाटात लस आहे की नाही, हे तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल. आणि नसली तर ती कुणी आणायची, हेही.